शिकार करायची नाही, तरी शिकारी कुत्रा चालेल का?

नमस्कार, आम्ही मिनेसोटात मेपल ग्रोव्हला राहतो. मी, नवरा, मुलगी ८ वर्षांची आणि मुलगा ४ चा. मुलांचं कधीपासून कुत्रा कुत्रा चाललंय आणि आता आम्हीही मान्य केलंय. नवरा हाफ मॅरेथॉन पळतो, त्याला सोबत पळणारा कुत्रा हवा. शेजारचे अमेरिकन काका दर फॉलमध्ये फेझंटच्या शिकारीला जातात, त्यांच्या जर्मन शॉर्टहेअर कुत्रीला पिल्लं होणारेत आणि एक आम्हाला अगदी कमी पैशात द्यायला तयार आहेत. मला स्वतःला व्हिजला आवडते, मैत्रीण म्हणते वायमरानर घे, फोटोत काय दिसतो! आम्ही शाकाहारी, शिकार वगैरे करणार नाही. सासू-सासरे तासगावहून उन्हाळ्यात येतात ते पाच-सहा महिने राहतात. सासऱ्यांकडे पूर्वी कारवान होता, ते म्हणतात शिकारी कुत्रा घरात एकदम शांत असतो. सासूबाईंना भीती, शिकारी म्हणजे नातवाला चावेल. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. वर्षाआड डिसेंबरात महिनाभर भारतात जातो. मुलीकडे दोन बजी पक्षी आहेत. काय करावं? आणि काकांना काय सांगावं?
— बर्फातली वाचक

ताई, तुमच्या सासऱ्यांशी आधी बोलायला हवं, कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही पण ते वेगळ्या कुत्र्याबद्दल आहे आणि त्याच भरवशावर तुम्ही शॉर्टहेअर घरी आणलात तर पहिल्याच महिन्यात सगळ्यांची झोप उडेल.

कारवान, पश्मी, मुधोळ ही आपल्याकडची मंडळी नजरेवर शिकार करणारी. माळावर ससा उठला, दिसला, की सुटायचं, काही मिनिटांत काय तो निकाल लागतो आणि मग उरलेला दिवस ओसरीच्या सावलीत अंग टाकून पडायचं. असा कुत्रा घरात असून नसल्यासारखा असतो हे अगदी बरोबर. पण तुमच्या यादीतले सगळे कुत्रे नाकावर चालणारे आहेत. ह्यांचं काम म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेतं, झुडपं, दलदल नाकाने विंचरत फिरायचं, लपलेल्या पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी पुतळा होऊन मालकाला दाखवायचं (ह्यालाच पॉइंट करणं म्हणतात), बार झाला की पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणायचा, तळ्यात पडला असेल तर पोहून आणायचा, आणि जखमी होऊन पळाला असेल तर माग काढत जाऊन शोधायचा. एवढी सगळी कामं एकाच कुत्र्याने करायची म्हणून ह्यांना व्हर्सटाइल, म्हणजे हरहुन्नरी, म्हणतात. आणि डोळ्यांसमोर काही नसलं की डोळ्यांचं काम संपतं, नाकाचं तसं नाही, तुमच्या लिव्हिंग रूममध्येसुद्धा वास चोवीस तास असतातच.

आता हा प्रकार आला कुठून हे थोडं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. जर्मनीत १८४८ च्या क्रांतीपर्यंत शिकार हा सरदार-उमरावांचा हक्क होता, त्यांच्याकडे नोकरचाकर, कुत्र्यांचे वाडे, पक्ष्यासाठी एक कुत्रा, हरणासाठी दुसरा, पाण्यासाठी तिसरा. ती मक्तेदारी गेली आणि साधा मध्यमवर्गीय माणूस शिकारीला जायला लागला, त्याला काही दहा कुत्रे परवडणार नव्हते. त्याला एकच कुत्रा हवा होता जो सगळं करेल आणि संध्याकाळी घरी येऊन पोराबाळांत चुलीपाशी झोपेल. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शॉर्टहेअर, वायरहेअर, पूडलपॉइंटर वगैरे ह्या गरजेतून तयार झाले, कोर्थाल्स नावाच्या डच माणसाने ग्रिफॉन बांधला तोही त्याच काळात. म्हणजे बघा, घरात माणसांबरोबर राहणं हे ह्या कुत्र्यांच्या मुळातच आहे. ह्याला मागच्या अंगणात केनेलमध्ये ठेवून दिलं तर तो खचतो. पण झोपण्याआधी दिवसभर काम, ही त्या व्यवहाराची दुसरी बाजू, आणि लोक पहिलीच बाजू वाचून पिल्लू घेऊन येतात.

सासूबाईंच्या भीतीचं. शिकारी म्हणजे रागीट असं नाही. पक्षी तोंडात धरून पीस न चुरगळता आणायचा तर तोंड मऊच लागतं, आणि माणसाच्या खुणेकडे बघत काम करायचं तर माणसावर जीव लागतो. शॉर्टहेअर, व्हिजला आणि ब्रिटनी (ही आणखी एक जात, तिच्याबद्दल पुढे सांगते) ही तिन्ही माणसांच्या बाबतीत लोणी आहेत. चार वर्षांच्या मुलाला ह्यांच्याकडून धोका आहे तो चावण्याचा कमी आणि आडवं होण्याचा जास्त. ५५-६० पाउंडांचा तरुण शॉर्टहेअर हॉलमधून वळण घेत आला की पोरगं गुडघ्यातून जातं, त्याला कळतही नाही की आपण कोणाला पाडलं. आणि पिल्लू असताना सगळेच तोंड लावतात, सुईसारखे दात असतात, रडारड होणार. त्यामुळे बेबी गेट, क्रेट, आणि कुत्रा-मुलगा एकटे खोलीत सोडायचे नाहीत हा नियम, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

एक मात्र जात सांगून ठेवते जिच्यापासून तुम्ही लांब राहा, डॉइच ड्राटहार. दाढीवाला, वायरीसारख्या केसांचा, फार देखणा. पण जर्मन पद्धतीत ह्याच्याकडून कोल्हा, रॅकून असल्या प्राण्यांच्या बाबतीत धारदारपणा अपेक्षित असतो, शेजारच्या मांजराचं काय होईल ते तुम्ही समजा. तसंही त्याचे ब्रीडर शिकार न करणाऱ्याला बहुधा पिल्लू देतच नाहीत, आणि ह्या एका बाबतीत मला ते फार शहाणे वाटतात.

बरं, आता खरा मुद्दा. तुम्ही विचारलंत कोणती जात, मी विचारते फेब्रुवारीतल्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला तुमच्या घरी कोण असतं आणि काय करत असतं? बाहेर अंधारून आलेलं, शून्याच्या खाली १५ फॅरनहाइट, मुलीचा स्विमिंग क्लास, मुलाला सर्दी, तुमचं शेवटचं मीटिंग लांबलंय, नवरा ट्रॅफिकमध्ये. सासू-सासरे तेव्हा तासगावात, ते उन्हाळ्यात येतात, म्हणजे ज्या महिन्यांत घरात माणसं भरपूर त्याच महिन्यांत कुत्र्याला बाहेर नेणंही सोपं, आणि ज्या महिन्यांत खरी गरज तेव्हा घरात तुम्ही दोघंच. कुत्रा निवडायचा तो ह्या मंगळवारासाठी. जूनमधल्या एल्म क्रीक पार्कमधल्या शनिवारासाठी कुठलाही कुत्रा चालतो हो.

शॉर्टहेअरला मोठा झाल्यावर दिवसाला दीड-दोन तास खरा व्यायाम लागतो, म्हणजे लीशवर कॉलनीला फेरी हा व्यायाम नाही, मोकळं पळणं हवं. तो नाही मिळाला की तो स्वतः काम शोधतो, आणि त्याने शोधलेली कामं तुम्हाला आवडत नाहीत, सोफा उसवणं, ड्रायवॉल खाणं, कुंपणावरून उडी. सगळ्यात वाईट काळ साधारण आठ महिने ते दोन वर्षं. अंग पूर्ण वाढलेलं, डोकं पोराचं. रेस्क्यूमध्ये, म्हणजे सोडून दिलेले कुत्रे सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये, येणारे बरेच शॉर्टहेअर ह्याच वयाचे असतात, आणि त्यांच्यात दोष काही नसतो, फक्त तो मंगळवार कोणी मोजलेला नसतो.

त्यावर नवरोबा म्हणतील मी पळवतो ना! पळवा, पण दोन गोष्टी. पहिली, हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायच्या आधी रस्त्यावर एकसुरी लांब पळणं सांध्यांना चांगलं नाही, त्यामुळे साधारण दीड वर्षाचा होईपर्यंत हाफ मॅरेथॉनचा पार्टनर वगैरे विसरायचं, त्याने स्वतःच्या मर्जीने गवतात हुंदडणं वेगळं आणि डांबरावर तुमच्या पेसने सात मैल वेगळं. तुमच्या व्हेटला विचारून मग हळूहळू वाढवायचं. दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही, की नुसतं पळवून हा कुत्रा दमत नाही, तो फिट होतो. आज पाच मैलांत दमला तर दोन महिन्यांनी आठ लागतील आणि मग तुम्ही एक खेळाडू तयार करून ठेवलेला असतो ज्याला रविवारची सुट्टी माहीत नाही.

दमवतं ते नाक. हे तुमच्या मंगळवारचं औषध आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. घरातच पनीरचे अगदी बारीक तुकडे करायचे, कुत्र्याला दुसऱ्या खोलीत थांबवायचं, तुकडे खुर्चीखाली, बुटात, जिन्याच्या पायरीवर लपवायचे आणि "शोध" म्हणून सोडायचं. पहिले काही दिवस सोपं, मग अवघड, मग वरच्या मजल्यावर. तुमची ८ वर्षांची मुलगी हे तुमच्यापेक्षा चांगलं करेल, पोरांना लपवायला फार आवडतं. वीस मिनिटं असं डोकं लावून नाक चालवलं की कुत्रा जो गाढ झोपतो तो तासभर पळवून झोपत नाही. बाहेर बर्फ नसेल तेव्हा अंगणात चालत चालत माग टाकायचा, दर काही पावलांवर एक तुकडा, शेवटी त्याचं आवडतं खेळणं. पुढे गोडी लागली तर एकेसीचे (म्हणजे अमेरिकन केनेल क्लब, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) सेंट वर्कचे, म्हणजे वास शोधण्याच्या खेळाचे, क्लासेस असतात, बार्न हंट असतो ज्यात उंदीर नळीत सुरक्षित असतो आणि कुत्रा फक्त शोधून दाखवतो, हे सगळं शाकाहारी घराला चालण्यासारखं.

नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन, जिला सगळे नावडा म्हणतात, ती १९६९ पासून ह्याच कुत्र्यांसाठी आहे आणि तुमच्या शेजारच्या काकांना नक्की माहीत असेल. त्यांची नॅचरल अॅबिलिटी नावाची परीक्षा १६ महिन्यांपर्यंतच्या पिल्लांची असते, शोध, पॉइंट, माग, पाणी, असं सगळं बघतात. ट्रेनिंगच्या दिवशी नुसतं बघायला जा, ह्या जातींचे बरेच कुत्रे एकाच मैदानात दिसतील आणि मालक मोकळेपणाने बोलतात. फक्त आधीच सांगते, तिथे खरे पक्षी असतात, आणि ह्या मंडळींच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी अख्खं बदक पिशवीत असतं. सासूबाईंना इतक्यात नेऊ नका.

आता जाती. वायमरानर एका वाक्यात नाही म्हणते, आणि फोटोत तो खरंच फार सुंदर दिसतो हे मान्य करून म्हणते, नर ७०-९० पाउंडांचा, हट्टी, पोट फुगून पिळ पडण्याचा धोका असलेला, आणि एकटं राहणं ज्याला अजिबात जमत नाही असा कुत्रा, आठवड्यात दोन दिवस रिकामं राहणाऱ्या घरात आणि चार वर्षांच्या मुलाबरोबर, नको.

व्हिजला तुम्हाला आवडते ते मला कळतं, तो तांबूस सोनेरी रंग आणि डोळे. हंगेरीचा कुत्रा, दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ संपला होता, एकेसीने १९६० मध्ये मान्यता दिली. ४४ ते ६० पाउंड, शॉर्टहेअरपेक्षा स्वभावाने हळवा, मुलांशी प्रेमळ. पण तुमच्या घरासाठी दोन अडचणी आहेत. एक थंडी. व्हिजलाला आतली लोकर नसतेच, एकेरी आखूड केस, मिनेसोटाच्या जानेवारीत जॅकेट आणि बूट घालूनसुद्धा दहा मिनिटांत पाय वर करून उभी राहील आणि मग सगळी ऊर्जा घरात. दुसरी अडचण तुमचा डिसेंबर. व्हिजलाला इथे लोक वेल्क्रो डॉग म्हणतात, ती बाथरूमच्या दारापाशी वाट बघत बसते, आणि अशा कुत्रीला महिनाभर बोर्डिंगमध्ये ठेवणं म्हणजे, मी असं म्हणणार नाही की अशक्य आहे, पण कोणाच्या तरी घरी, ओळखीच्या माणसाकडे, आधी दोन-तीनदा वीकेंडला राहायची सवय लावून, असं करावं लागेल. दोघांनी दोन-दोन आठवडे आलटूनपालटून भारतात जाणं जमत असेल तर बघा. नसेल तर व्हिजला तिसऱ्या नंबरवर.

एक आरोग्याचं, व्हिजला घेतली नाहीत तरी उपयोगी. २०१४ मध्ये अडीच हजारांवर व्हिजलांच्या मालकांकडून माहिती घेऊन एक अभ्यास छापून आला, त्यात नसबंदी किंवा स्पे केलेल्या कुत्र्यांमध्ये काही कॅन्सर जास्त दिसले. मालकांनी सांगितलेल्या माहितीवरचा अभ्यास आहे, शेवटचा शब्द नाही, पण सहा महिन्यांचा झाला की लगेच ऑपरेशन हा जुना हिशोब आता बरेच व्हेट करत नाहीत, तुमच्या व्हेटशी वयाबद्दल मोकळेपणाने बोला.

माझं मत विचाराल तर ब्रिटनी. यादीत तुम्ही नावही घेतलं नव्हतंत, कारण फोटोत ती काही खास दिसत नाही. पांढऱ्यावर नारिंगी किंवा तपकिरी ठिपके, आखूड शेपटी किंवा शेपटी नाहीच, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली. एकेसीच्या नावात आधी स्पॅनियल होतं, १९८२ मध्ये काढलं कारण ती स्पॅनियलसारखी पक्षी उडवत नाही, पॉइंट करते. ३० ते ४० पाउंड. हा आकडा तुमच्या मुलासाठी सगळ्यात महत्त्वाचा, ती आदळली तरी तो उठून परत खेळेल. केस थोडे लांब, थंडीत व्हिजला-शॉर्टहेअरपेक्षा बरीच बरी टिकते, फक्त पायांच्या केसांत बर्फाचे गोळे होतात ते काढावे लागतात. आणि शो रिंग आणि शिकार दोन्हींत चॅम्पियन झालेले कुत्रे ब्रिटनीत जेवढे आहेत तेवढे दुसऱ्या जातीत नाहीत, म्हणजे शोची वेगळी आणि शिकारीची वेगळी अशी जात फार दुभंगलेली नाही.

ब्रिटनीचं वैगुण्य सांगते. एक, ती शांत नाही, लहान आहे म्हणजे कमी व्यायाम असं समजलात तर फसाल, रोज तासभर तरी मोकळं पळणं आणि वर नाकाचं काम लागेलच. दोन, ती मनाने फार मऊ असते. आवाज चढवला की मिटून जाते, मनाला लावून बसते. आपल्या मराठी घरांत प्रेमाने बोलतानाही आवाज वरच्या पट्टीत असतो त्याची तिला हळूहळू सवय होते, पण तिच्यावर ओरडून काही शिकवता येत नाही, सासऱ्यांना हे आधीच सांगा, कारवानला दिलेला दम इथे चालणार नाही.

शॉर्टहेअर हवाच असेल तर माझं दुसरं सुचवणं आहे की पिल्लू नको, रेस्क्यूमधला चार-पाच वर्षांचा घ्या. दोन वर्षांचा गोंधळ दुसऱ्याच्या घरी होऊन गेलेला असतो, मुलांशी कसा आहे, मांजर-पक्ष्यांशी कसा आहे, एकटा राहतो का, हे फॉस्टर घरातली, म्हणजे कुत्र्याला तात्पुरतं सांभाळणारी, माणसं तुम्हाला स्पष्ट सांगतात, आणि नवऱ्याला पहिल्या महिन्यापासून पळायला पार्टनर मिळतो. पिल्लाच्या बाबतीत ह्यातलं काहीच आधी कळत नाही.

आता ब्रीडरकडे गेलात तर जातीपेक्षा घराणं बघा, हे मी कितीदा सांगितलं तरी कमी आहे. अमेरिकेत एक प्रकार आहे घोड्यावरून चालणाऱ्या फील्ड ट्रायलचा, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांचा, तिथे कुत्रा माणसापासून कितीतरी लांब, नजरेच्या टोकाला पळायला हवा, आणि तशाच आई-बापाची पिल्लं काढत जातात. दुसरे असतात पायी शिकार करणारे, त्यांना कुत्रा जवळ राहणारा, मागे वळून बघणारा लागतो. तुम्हाला दुसऱ्या घराण्यातला हवा. ब्रीडरला सरळ विचारा, आई कुठे झोपते, घरात की केनेलमध्ये? संध्याकाळी साताला काय करत असते? शिकार नसलेल्या दिवशी कशी असते? लहान मुलं आहेत का तुमच्या घरी? जो ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारून भंडावतो तो चांगला, जो डिपॉझिट कधी भरताय एवढंच विचारतो त्याला टाळा.

आणि कागद. आई-बाप दोघांचे खुब्याचे रिपोर्ट ओएफए ह्या कुत्र्यांच्या तपासण्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर कुत्र्याच्या नावाने कोणालाही बघता येतात, ओएफए अंतिम रेटिंग २४ महिन्यांनंतरच देते, त्यामुळे दीड वर्षाच्या आईला पिल्लं असतील तर तिथेच थांबा. एपिलेप्सी घराण्यात आहे का हे तोंडी विचारा, ब्रिटनी आणि व्हिजला दोन्हींत ती दिसते. शॉर्टहेअरमध्ये उजेडात आंधळेपण येणारा एक डोळ्यांचा आनुवंशिक आजार आहे, त्याची डीएनए टेस्ट होते.

पिल्लूच घेणार असाल तर मे-जूनमध्ये घरी येईल असं बघा. सासू-सासरे असतील, दिवसभर घरात कोणीतरी माणूस, दर दोन तासांनी शू-शीला बाहेर नेणं गवतावर शक्य होतं. नोव्हेंबरात आणलेलं पिल्लू आणि मध्यरात्री बूट-जॅकेट घालून तुम्ही, हे चित्र मी तुम्हाला इच्छीत नाही. उन्हाळ्याची दुसरी बाजू म्हणजे गोचीड. मिनेसोटातल्या त्या बारीक हरणगोचिडीतून लाइम आणि अॅनाप्लाझ्मोसिस हे दोन्ही आजार होतात, त्यामुळे महिन्याचं औषध चुकवायचं नाही, लाइमची लस पण असते. आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सरकारी वाइल्डलाइफ जमिनींवर कुत्रा मोकळा सोडता येत नाही, पक्ष्यांची घरटी असतात, त्यामुळे तेव्हा एल्म क्रीकचं कुंपणातलं ऑफ-लीश मैदान वापरा, त्याचा पास काढावा लागतो. नोव्हेंबरात हरणाची शिकार सुरू झाली की जंगलात जाताना कुत्र्याला आणि स्वतःला भगवं नारिंगी जॅकेट, हे विसरू नका.

कुंपण खरं लागतं, लाकडाचं किंवा जाळीचं. तो जमिनीखालून वायर टाकून करंटवाला पट्टा प्रकार ह्या कुत्र्यांना पुरत नाही, ससा दिसला की ते करंट खातात आणि पलीकडे जातात, परत यायला मात्र घाबरतात. हाउसिंग असोसिएशनचे नियम आधी बघून घ्या, कुत्रा आल्यावर नाही.

बजींचं काय? मारेलच असं नाही पण पिंजऱ्यासमोर तासन्‌तास एक पाय वर करून पुतळा होऊन उभा राहील, मुलांना गंमत वाटेल आणि पक्षी भीतीने अर्धे होतील. पिंजरा मुलीच्या खोलीत आणि दार बंद, ह्यात तडजोड नाही.

खाणं. तुम्ही शाकाहारी आहात ते ठीक, कुत्र्याला वरणभातावर ठेवू नका, चांगल्या कंपनीचं कोरडं खाणं पिशवीतून वाडग्यात, हात लावायची गरज नाही. आणि हे तासगावकरांसाठी खास, बेदाणे! द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्याच्या किडन्या बंद पाडू शकतात, किती खाल्ले म्हणजे धोका हे कुत्र्यागणिक वेगळं असतं, थोडेसुद्धा पुरतात. सासूबाईंच्या बॅगेतून किलोभर येणार, शिऱ्यात पडणार, लाडवात पडणार, नातू खाली सांडणार. डबा वरच्या फडताळात. कांदा-लसूण, चॉकलेट आणि शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल हेही तसंच, म्हणजे खाली सांडलेले कांदेपोहेसुद्धा त्याने साफ करायचे नाहीत. काही खाल्लंच तर वाट न बघता व्हेट किंवा एएसपीसीए ह्या प्राणी संस्थेच्या विषबाधेसाठीच्या हेल्पलाइनला फोन.

राहिले काका. संकोच करू नका, खरं कारण सांगा. पक्ष्यांच्या शिकारीवर जीव असलेल्या माणसाला आपल्या कुत्रीचं पिल्लू कधीच शेतात न जाता सोफ्यावर वाढणार हे मनातून आवडत नसतंच, तुम्ही "आम्ही शिकार करणार नाही, तुमच्या पिल्लाला काम करणारं घर मिळू दे" म्हणालात तर त्यांना वाईट वाटणार नाही, उलट बरंच वाटेल. आणि त्याच बोलण्यात त्यांना एक विचारा, त्यांचा एखादा मोठा कुत्रा एका वीकेंडला तुमच्याकडे ठेवता येईल का, ते गावाला गेले असताना वगैरे, पिल्लं असलेली आई नाही, दुसरा असेल तर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. सासू-सासरे नसतानाच्या महिन्यात, शक्य असेल तर जानेवारीत. नवऱ्याला पळवू दे, मुलीला पनीर लपवू दे, आणि सोमवारी तुम्ही कामाला बसल्यावर तो काय करतो ते बघा. मग मला लिहा.